इथे आधी काम झालंय

परवा अंबरनाथला नणंदेकडे गेले होते. पूर्वेच्या बाजारातून चालत निघाले, तर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यापाशी पाय आपोआप थबकले. घराचं दार सताड उघडं होतं. आतलं सामान खोलीच्या मधोमध ओढून त्यावर विटक्या चादरी टाकल्या होत्या आणि एक माणूस गुडघे टेकून, भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर हातभर अंतराने भोकं पाडत पुढे सरकत होता. ड्रिलचा आवाज थांबला की सिमेंटच्या धुळीचा कोरडा वास बाहेर येई, आणि त्याच्या पाठोपाठ औषधाचा, उग्र, सडक्या लसणीसारखा. येणारी-जाणारी माणसं नाकाला रुमाल लावून पुढे जात होती. मी पिशवी सावरत तिथेच उभी राहिले. त्या वासाने मला चार वर्षं मागे नेलं, बदलापूरच्या आमच्या घरात, आणि त्या घराच्या आधीच्या मालकिणीपाशी. त्यांचं नाव एके काळी दिवसातून दहादा माझ्या तोंडी असे.

त्या माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणत असे. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारामागे आमची मराठी शाळा होती. एका अंगाला कपडे शिवणाऱ्या मशीनची घरघर, दुसऱ्या अंगाला पापडांची नि फर्निचरची दुकानं, आणि मधल्या बोळात आमच्या पाढ्यांचा सूर. मी नवखी, डी.एड. होऊन थेट दुसरीच्या वर्गावर उभी राहिलेली. पहिल्याच आठवड्यात वर्ग हाताबाहेर गेला तेव्हा शेजारच्या वर्गातून ताई आल्या, काही न बोलता फळ्यावर एक भलंमोठं मांजर काढलं, आणि पन्नास मुलं एका क्षणात गप्प झाली. मग खडू माझ्या हातात देत म्हणाल्या, मिशा तू काढ. तिथून बावीस वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवलो. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझा वर्ग आपल्या वर्गात बसवून घेतला. त्यांचे यजमान गेले तेव्हा तेराही दिवस मी त्यांच्या बदलापूरच्या घरी राहिले. रडणं त्यांना जमत नव्हतं म्हणून त्या सारखी भांडी घासत आणि मी ती पुसून ठेवी. सख्ख्या बहिणींत जे असतं ते आमच्यात होतं असं मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं. आता सांगताना एका ठिकाणी अडखळते.

मराठी शाळांचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडेही एकेक तुकडी बंद होत गेली. शेवटी एका उन्हाळ्यात वर्गवाचनालयाचं कपाट रिकामं करून पुस्तकं रद्दीत द्यायचं ठरलं. आम्ही दोघींनी मुख्याध्यापकांना विनवून ती मागून घेतली. तीनशेच्या आसपास पुस्तकं. गोष्टींची, प्राण्यांची, विज्ञानाची, काहींची पानं इतक्या बोटांनी उलटलेली की कोपरे गोल झालेले. दोन रिक्षांत भरून आम्ही ती ताईंच्या घरी नेली. पूर्ण मे महिना त्यांच्या घरात बसून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं, सुईदोऱ्याने निखळलेली पानं शिवली, आणि ताईंनी आपल्या वळणदार अक्षरात प्रत्येकावर क्रमांक टाकला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मागच्या भिंतीला लागून लाकडी भिंतकपाट होतं, त्यात ती लावली. रविवारी सकाळी इमारतीतली आणि आजूबाजूची मुलं येऊ लागली. शाळा संपली, पण शाळेतला सगळ्यांत चांगला तास आपण वाचवला, असं ताई म्हणायच्या. तो महिना माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या महिन्यांपैकी एक आहे. अजूनही आहे.

पुढे ताई निवृत्त झाल्या, आणि पुण्याच्या मुलाने त्यांना कायमचं बोलावून घेतलं. घर विकायचं ठरलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे कढीपत्ता आणि शेवग्यापुरती जमीन, सकाळी स्वयंपाकघरात येणारं तिरकं ऊन. त्या म्हणाल्या, परक्या हातात जाण्यापेक्षा तूच घे. म्हणजे पुस्तकं हलवायला नकोत आणि माझंही येणं-जाणं राहील. आम्ही तेव्हा अंबरनाथला भाड्याने राहत होतो. यजमान आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. त्यांना बदलापूर लांब पडत होतं, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून ते हो म्हणाले. घर नीट तपासून बघू या, असं त्यांनी एकदा सुचवलं होतं. मला ते बोलणं लागलं. ताईंचं घर तपासायचं म्हणजे ताईंनाच तपासण्यासारखं वाटलं मला. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि विषय तिथेच मिटला.

ताब्यात द्यायच्या आधी ताईंनी सबंध घर रंगवून घेतलं. भिंतकपाटाला आतून नवं सनमायका लावलं. भिंतीच्या पायथ्याशी सगळीकडे नवी कोरी, लाकडाच्या रंगाची प्लास्टिकची पट्टी बसवली. मी म्हटलं, कशाला एवढा खर्च, तर म्हणाल्या, लेकीला घर देतेय असं समज. किल्ली हातात देताना त्यांनी माझ्या तळहातावर आपला हात बराच वेळ ठेवला होता. मी तेव्हा रडले. त्याही रडल्या. त्या रडण्यात काय काय होतं, हे मी पुढे कितीतरी वेळा मनात उलगडून पाहिलं आहे.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी मुलांना वाचून दाखवायला मी वरून दुसऱ्या कप्प्यातलं पुस्तक ओढलं, तर हातात नुसता कणा आणि अर्धं कव्हर आलं. क्षणभर कळेना. मग आत हात घातला तो ओल्या मातीत गेला. पुढून पुस्तकं शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी होती, खाकी कव्हरं, क्रमांक, सगळं जागच्या जागी. आणि मागून ती नव्हतीच. पानांच्या जागी मातीच्या भुसभुशीत भिंती, बोळ, आणि त्यांत सैरावैरा पळणारे ते पांढुरके, मऊ, तांदळाच्या कणीएवढे जीव. मी एकेक पुस्तक काढत गेले आणि जमिनीवर ठेवत गेले. किती वाचली ते मोजायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी मुलं आली तेव्हा दारातच सांगितलं, आज बाईंना बरं नाही.

माझ्या लहानपणी अंबरनाथच्या कारखान्याच्या चाळीत ढेकूण झाले की सगळा कारभार उघड्यावर चाले. मेच्या उन्हात रविवारी प्रत्येक घराच्या खाटा अंगणात यायच्या, बायका चुलीवर पाणी उकळून किटल्या भरभरून सांध्यांत ओतायच्या, पुरुष गाद्या बडवायचे, आणि कुणाच्या खाटेतून किती निघाले यावर हसतखिदळत बोलणं चाले. कुणाला त्याची लाज नव्हती, कारण ढेकूण सगळ्यांचेच होते. आता तसं राहिलं नाही. आता घरात कीड झाली हे सांगताना माणूस आवाज खाली आणतो, घरातल्या कुणाची वाईट सवय सांगावी तसा. आणि म्हणून उपायही असा शोधतो की ज्याचा वास येणार नाही, पसारा होणार नाही, आणि शेजारच्या घराला पत्ता लागणार नाही. मीही तेच केलं. ते आधी कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील.

यजमान सोमवारी कॅम्प दोनमधल्या एका हार्डवेअरवाल्याकडून डबा नि हातपंप घेऊन आले. तो दुकानदार सिंधी, वर्षानुवर्षांचा ओळखीचा; म्हणाला होता, "साहब, बस मारो, कल तक सब साफ." आम्ही खिडक्या उघड्या टाकून दोन दिवस कपाटावर ते फवारलं. वरवरची सगळी वाळवी मेली, आम्ही ती सुपलीने भरून टाकली, आणि मला वाटलं, सुटले. पंधरवड्याने झोपायच्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ ओढावी तशी मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली. मग भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून मी दोन माणसं बोलावली. वास नाही, हर्बल आहे, तासाभरात मोकळं, असं ते फोनवर म्हणाले आणि खरंच तासाभरात मोकळे झाले. त्यांनी नळ्या खरवडून काढल्या, वर काहीतरी शिंपडलं, आणि एक रंगीत कागद देऊन गेले. महिन्याने स्वयंपाकघराची चौकट बोटाने दाबली तर बिस्किटासारखी आत गेली.

शेवटी यजमानांच्या कारखान्यातल्या कुणीतरी अंबरनाथच्या एका गृहस्थांचं नाव सुचवलं. पंचावन्न-साठीचे, अंगाने बारीक, शर्टाच्या खिशाला चष्मा लटकवलेला. ते आले ते पंप न घेताच. हातात एक बॅटरी आणि एक स्क्रूड्रायव्हर. मी विचारलं, औषध नाही आणलंत? तर म्हणाले, आधी ती कुठून येते ते बघू. जिथे दिसते तिथे ती राहत नाही, तिथे ती फक्त जेवायला येते. मग तासभर ते घरभर फिरले. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक चौकट ठोकत, कान लावत. वैद्य पाठ ठोकून छाती तपासतो तसं. मला म्हणाले, नळ्या खरवडायच्या नसतात, त्याने ती नुसती वाट बदलते. लाकूड धुऊन काही होत नाही, जमिनीतून भिंतीत शिरण्याची जी वाट आहे ती सबंध औषधाने भरावी लागते. भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून, आतून आणि बाहेरून. वास येईल, धूळ होईल, दोन दिवस घराबाहेर राहावं लागेल. पसारा होणार नाही असं जो सांगेल त्याला बोलवू नका. इतकं सरळ बोलणारा माणूस मला त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा भेटत होता.

मग ते मागच्या भिंतीपाशी बसले आणि म्हणाले, ही पट्टी काढावी लागेल. मी हो म्हटलं. स्क्रूड्रायव्हर खाली घालून त्यांनी ती पट्टी हलकेच उचकटली, हातभर, मग दोन हात, आणि थांबले. बॅटरीचा झोत भिंतीच्या पायथ्याशी धरून मला जवळ बोलावलं. तिथे पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली भोकं होती, हातभर अंतराने, एका ओळीत, खोलीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आणि त्यांच्या मधे मधे आणखी एक ओळ, करड्या सिमेंटने बुजवलेली, जास्त जुनी.

"मॅडम, इथे आधी काम झालंय," ते म्हणाले. "दोनदा."

मी म्हटलं, शक्य नाही. हे घर माझ्या बहिणीचं होतं. मी बहीण हा शब्द वापरला, ते मला नंतर आठवलं. त्यांनी उरलेली पट्टीही काढली. मग उठून, हात झटकत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पट्टी लपवायलाच लावली असं मी म्हणणार नाही. पण ती या कामानंतर लावलीय, एवढं मला दिसतंय."

ते गेल्यावर मी शेजारच्या आजींकडे गेले. आजी मूळच्या तिथल्याच, आगरी. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. दिवसभर उंबऱ्यात बसून त्यांना येणारं-जाणारं सगळं दिसतं. मी आडून आडून विचारलं, ताई असताना कधी औषध मारायला माणसं आली होती का. आजींनी लसूण सोलता सोलता वर पाहिलं.

"इथं पयले आमचा भात झोडायचा खला व्हता," त्या म्हणाल्या, "नि मागल्या अंगाला वारूल व्हतं, कंबरंइतकं. तुझे ताईला म्या तवाच सांगलं व्हतं. दोनदा मानसं आनली व्हती तिनी. मना सांगलंन, ढेकून झालेत."

मी घरी आले आणि पलंगावर बसून राहिले. घराचं मला तितकं वाटत नव्हतं. घर दुरुस्त होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते भिंतकपाट होतं, त्याचं आतून लावलेलं नवं सनमायका, आणि ताईंचे शब्द, पुस्तकं हलवायला नकोत. त्या भिंतीत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. आणि त्या भिंतीला टेकवून ठेवलेली पुस्तकं त्यांनी स्वतःच्या हाताने शिवली होती. त्या एक शब्द बोलल्या असत्या, पुस्तकं तेवढी लोखंडी मांडणीवर ठेव, कारण सांगत नाही पण ठेव, एवढं जरी, तरी तीनशे पुस्तकं वाचली असती. पण तो शब्द बोलला असता तर मी विचारलं असतं, का? आणि त्या का-ला त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी पुस्तकं सोडली. मला वाटतं, मला सोडलं त्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला केला. ताई नातवाला झोपवत होत्या, आवाज दबका होता. मी भांडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि भांडलेही नाही. एवढंच सांगितलं की मागच्या भिंतीची पट्टी काढली. पलीकडून नातवाला थोपटल्याचा आवाज तेवढा येत होता, एका लयीत, आणि तो थांबला नाही. मग त्या म्हणाल्या की दोनदा करून घेतलं होतं, त्यांना वाटलं होतं आता संपलं. मी म्हटलं, वाटलं होतं तर पट्टी का लावलीत, आजींना ढेकूण का सांगितलेत. आणि मग त्या म्हणाल्या,

"तुला सांगितलं असतं तर तू घेतलं असतंस का?"

"घेतलं असतं, ताई," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी घेतलं असतं. आधी काम करवून घेतलं असतं, पुस्तकं हलवली असती, कदाचित थोडी कुरकुर केली असती, पण घेतलं असतं, कारण ते त्यांचं घर होतं. बावीस वर्षांत त्यांना माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि त्यावर भिस्त ठेवायची त्यांची तयारी नव्हती. यातलं काय खरं ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या म्हणाल्या, तू फार मनाला लावून घेतेस. मग नातू उठला असं सांगून त्यांनी फोन ठेवला. तो उठल्याचं मला ऐकू आलं नव्हतं.

यानंतर खरी परीक्षा माझी होती. त्या गृहस्थांनी स्पष्ट सांगितलं होतं की एकट्या आमच्या घराला औषध भरून उपयोग नाही. आधीच्या दोन्ही वेळी तेच झालं होतं. इथली वाट बंद झाली की वाळवी जमिनीखालून शेजारी सरकते आणि वर्षा-दोन वर्षांनी परत फिरते. तळमजल्याची चारही घरं आणि इमारतीच्या बाहेरचा पायथा एकदम करायला हवा. म्हणजे बाकीची तीन दारं वाजवून सांगायला हवं. त्या दिवशी जेवताना यजमान म्हणाले, सांगू नकोस. बोभाटा झाला की उद्या आपल्याला हे घर विकायची वेळ आली तर कोण घेईल? आपण आपल्यापुरतं नीट करून घेऊ आणि पट्टी लावून टाकू. ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेले होते. आणि मला एकदम दिसलं की ताईंनीही असंच कधीतरी जेवताना, ताटाकडे बघत, स्वतःशी ठरवलं असेल. त्यांचे यजमान गेलेले, पुण्याला मुलाच्या घरी आश्रितासारखं जायचं, हाताशी असलेली एकच वस्तू म्हणजे हे घर. मला त्यांची बाजू त्या ताटावर जितकी स्वच्छ दिसली तितकी नंतर कधी दिसली नाही. पण दिसली म्हणून दुखायचं थांबलं असं नाही.

मी सांगितलं. रविवारी सकाळी बाकीच्या तिन्ही घरांतल्या लोकांना जिन्याखाली बोलावून, भिंतीवरची भोकं दाखवून, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, लोक निदान बरं झालं सांगितलंत म्हणतील. एक गृहस्थ म्हणाले, तुमच्याकडूनच आलं हे आमच्याकडे. दुसऱ्या घरच्या बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही दोघी एवढ्या मैत्रिणी, आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

बावीस वर्षांत ताईंबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की मी पुढे होत असे. शाळेत शिपायापासून इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांशी मी त्यांच्यासाठी भांडले होते. त्या दिवशी जिन्याखाली मी एवढंच म्हणाले की मला माहीत नव्हतं. त्यांची बाजू घेणारं एकही वाक्य मला सुचलं नाही. आजी तेवढ्या काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या की ही निदान बोलली तरी, आधी माझ्या घरचं करा. त्यांनी हो म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

काम दोन दिवस चाललं. आम्ही नणंदेकडे अंबरनाथला राहिलो. परत आलो तेव्हा सगळ्या भिंतींच्या पायथ्याशी ताज्या सिमेंटचे ठिपके होते, आणि त्या गृहस्थांनी जाताना एक गोष्ट बजावली होती. आता पट्टी लावू नका, दर पावसाळ्यानंतर मी बघायला येईन. संपली असं मी कधीच म्हणत नाही, ते म्हणाले, बघत राहायचं. तेव्हापासून ते दर वर्षी येतात, चौकटी ठोकतात, चहा घेतात. पाहुणे आले की काहींची नजर त्या ठिपक्यांवर जाते. मी विचारायच्या आधी सांगून टाकते. भिंतकपाट काढून टाकलं. वाचलेली साठ-सत्तर पुस्तकं उन्हात वाळवून लोखंडी मांडणीवर लावली, भिंतीपासून वीतभर दूर. रविवारी मुलं येतात. पूर्वीइतकी नाहीत, पण येतात.

गेल्या हिवाळ्यात ताई बदलापूरला एका लग्नाला आल्या आणि न कळवता घरी आल्या. केस सगळे पांढरे झालेले, गुडघे दुखतात म्हणून सावकाश पाय टाकत. बाहेरच्या खोलीत बसल्या. समोरच लोखंडी मांडणी होती, बाजूला उघडा पायथा, ठिपके. त्या ते सगळं बघत होत्या, आणि मी त्यांना बघताना बघत होते. पोहे केले होते. त्यांना आवडतात तसे, भरपूर ओलं खोबरं घालून. हात आपलं काम विसरत नाहीत. नातवाच्या शाळेबद्दल बोललो, त्यांच्या वाढलेल्या साखरेबद्दल बोललो, कोण कोण गेलं त्याबद्दल बोललो. दर वाक्यानंतर मला वाटे, आता बोलतील. फार नको होतं मला. चुकले, एवढा एक शब्द, तोही पोह्यांच्या घासाआड पुटपुटलेला चालला असता. जाताना दारात थांबून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घर छान ठेवलंयस." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. त्या वळणाआड गेल्यावर जाणवलं की आता मी कशाचीच वाट बघत नाही. त्याने हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. बस सुटून गेल्यावर थांब्यावर उभं राहावं तसं वाटलं.

अजूनही कधीतरी कॅम्प दोनच्या बाजारात जाते. शाळेची इमारत आता गोदाम झाली आहे. पण मुलं भेटतात, म्हणजे बाप्ये झालेले, दुकानांत बसलेले, कुणी कडेवर लेकरू घेतलेली. वाकून नमस्कार करतात, आणि एक प्रश्न त्यांना नेहमी पडतो: दुसऱ्या बाई कशा आहेत? त्यांच्या आठवणीत आम्ही अजून एकत्रच आहोत. एकीचं नाव घेतलं की दुसरीचं येतंच. एकाने परवा सांगितलं की कितीही वर्षं झाली तरी आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहून हसताना त्याला दिसतो. मी म्हटलं, बऱ्या आहेत त्या, पुण्याला असतात.

त्याला मी दुसरं काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्याने पाहिलेलं हसणं खरं होतं. आम्ही तशा हसत होतो, आणि त्या हसण्यात तेव्हा काहीही लपवलेलं नव्हतं. पुढे जे झालं ते मागे जाऊन त्या व्हरांड्याला लागू करायचं की नाही, हे मला अजून उमगत नाही. काही दिवशी वाटतं, सगळंच गेलं. काही दिवशी वाटतं, बावीस वर्षं गेली नाहीत, फक्त ती आता मला एकटीनेच जपायची आहेत, दोघींनी मिळून नाही. तो मुलगा दुकानातून हात हलवत होता. मीही हलवला, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.